रानपिंगळ्याची ओळख कशी लिहायची: पाचवीच्या एका गटाचं प्रकरण

पाचवीच्या मुलांना एखाद्या प्राण्यावर माहितीपर लेख लिहायला दिला की मधला भाग ती कसाही करून लिहितात, अडतात ती पहिल्या चार ओळींत. आमची शाळा शहादा तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिल्हा परिषदेची. वन्यजीव सप्ताहासाठी मुलांचं हस्तलिखित काढायचं ठरलं, एका गटाने एक प्राणी घ्यायचा, आणि त्यातल्या एका गटाची सुरुवात कशी अडली आणि कशी सुटली ते इथे सविस्तर लिहितोय. कारण सुरुवातीचं नियोजन आपण शिक्षक लोक वेगळं काढून शिकवतच नाही, 'प्रस्तावना छान करा रे' एवढं सांगतो आणि पुढच्या बाकाकडे जातो.

गटात चार जण. दोघांच्या घरी अहिराणी, एकाच्या घरी गुजरी, आणि एक मुलगी पावरी बोलणारी, जी वर्गात फार बोलत नाही पण ऐकते सगळं. टॉपिक त्यांनीच घेतला, रानपिंगळा. आपल्याकडचं हे छोटं घुबड, 1873 मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकाने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, 1884 नंतर नोंदींमधून ते गायबच झालं आणि 25 नोव्हेंबर 1997 ला आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकेतून आलेल्या अभ्यासकांना परत दिसलं. आपल्याच तालुक्यातली गोष्ट म्हटल्यावर पोरांना दुसरा विषय सुचणारच नव्हता. वनरक्षक दादा येऊन तासभर बोलून गेले, मी काही प्रिंट काढून दिल्या, फोटो मोबाईलवर दाखवले, माहिती भरपूर गोळा झाली.

वाचक कोण तेही आधीच ठरलं होतं, आपल्या शाळेची तिसरी-चौथीची मुलं आणि शेजारच्या पाड्यावरची शाळा. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळा निवाडा याच गोष्टीवर झाला.

मग मी म्हटलं, चला आता सुरुवातीचा परिच्छेद लिहा. पहिल्या मुलाने लिहिलं: 'माझा आवडता पक्षी रानपिंगळा आहे. त्याला दोन डोळे, दोन पाय व एक चोच असते. तो मला खूप आवडतो.' याने रानपिंगळा कधी पाहिलेला नाही. दुसऱ्याने पहिल्याच परिच्छेदात सगळं कोंबलं, लांबी 23 सेंटीमीटर, सरडे खातो, उंदीर खातो, ह्यूम, 1997, सागाचं जंगल, धोक्यात आहे, आणि मग मान वर करून विचारतो, सर आता पुढे काय लिहू? तिसरीने गोष्ट सुरू केली, 'एकदा काय झाले, एक बाई अमेरिकेहून आली.' आणि पावरीवाल्या मुलीचं पान कोरं.

आता ही चारही पानं नीट पाहिली तर चार वेगवेगळे प्रश्न दिसतात, आणि सगळ्यांना एकच उपाय चालत नाही हे आधी मान्य करायला पाहिजे. पहिल्याचं असं आहे की त्याने दुसरीपासून 'माझा आवडता प्राणी' हाच एक साचा पाहिलाय. त्या निबंधात मी असतो, माझी आवड असते, आणि प्राण्याचे अवयव मोजलेले असतात. माहितीच्या लेखात लिहिणारा बाजूला राहतो आणि बोलायचं असतं ते एका पक्ष्याबद्दल नाही तर त्या सगळ्या जातीबद्दल, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. दुसऱ्याला माहिती आहे पण काय मागे ठेवायचं ते माहीत नाही. तिसरीला वाचकाला धरून ठेवायची हौस आहे, चांगली गोष्ट आहे ती, पण तिने तीन पानं लिहिली तरी रानपिंगळा म्हणजे काय हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. आणि चौथीला एकाच वेळी तीन कामं करावी लागत होती, काय सांगायचं ते ठरवणं, ते कोणत्या क्रमाने सांगायचं ते ठरवणं, आणि हे सगळं तिच्या घरात न बोलल्या जाणाऱ्या पुस्तकी मराठीत बसवणं. मोठा माणूससुद्धा अशा वेळी पेन खाली ठेवेल.

म्हणून मी सुरुवात लिहिणं थांबवलं. पूर्ण थांबवलं. म्हटलं सुरुवात सगळ्यात शेवटी, आधी माहितीचे ढीग करू.

जुन्या कॅलेंडरची पानं फाडून त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या केल्या, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि भाषा कोणतीही चालेल. 'डोकं कोरं शे, ठिपका नही' अशी एक चिठ्ठी आली आणि ही खरं तर या पक्ष्याची सगळ्यात कामाची ओळख आहे, कारण गावातल्या जुन्या झाडांच्या ढोलीत नाहीतर पडक्या भिंतीच्या भोकात राहतो त्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात आणि रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. पावरी बोलणाऱ्या मुलीने चित्रच काढलं, पंखावर आणि शेपटीवर जाड आडवे पट्टे. चालतंय की. चिठ्ठी म्हणजे लेखन नाही, तो फक्त विचार खाली ठेवायचा कागद आहे, तिथे शुद्धलेखन तपासायला बसलो तर मूल विचार करायचं थांबवतं हे मी माझ्या वर्गात दरवर्षी बघतो.

चिठ्ठ्यांचे ढीग झाले आणि ढिगांना नावं मिळाली: कसा दिसतो, कुठे राहतो, काय खातो, हरवला आणि सापडला, धोका काय. हीच लेखाची उपशीर्षकं. आता कुठे सुरुवातीकडे जायला हरकत नाही, कारण लेखात पुढे काय येणार हे माहीत नसेल तर वाचकाला आत घेणारी ओळ लिहिणार तरी कशी. मुलांना सुरुवात आधी लिहायला लावणं म्हणजे किती जण येणार ते माहीत नसताना पंगतीची पानं मांडायला सांगणं आहे.

सुरुवातीच्या प्लॅनसाठी अर्ध्या पानावर चार कप्पे आखले. एक, हा कोण, म्हणजे कोणत्या गटातला. दोन, कुठे असतो. तीन, वाचणाऱ्याला माहीत नसलेली एक गोष्ट. चार, पुढे काय काय वाचायला मिळेल. आणि एक कडक नियम, कप्प्यात क्रियापद लिहायचं नाही. हा नियम ऐकायला विचित्र वाटतो पण फार उपयोगी पडतो, कारण क्रियापद आलं की मूल वाक्य पूर्ण करायला जातं, वाक्य पूर्ण झालं की ते पक्कं वाटायला लागतं, आणि मग बदल म्हटलं की तोंड पाडतं. 'छोटं घुबड, फूटपट्टीपेक्षा कमी' एवढंच लिहिलेलं असेल तर ते खोडायला कोणाला वाईट वाटत नाही.

पहिला कप्पा दोन मिनिटांत झाला. दुसऱ्यात मात्र खरी शाळा झाली. एकाने अभिमानाने लिहिलं, 'फक्त आपला शहादा तालुका'. मी चूक आहे असं म्हटलं नाही, म्हटलं 'फक्त' हा शब्द लिहिला की पुरावा दाखवायची जबाबदारी येते, तुमच्या प्रिंट उघडा. उघडल्या तर मेळघाट निघालं, आपल्याच जळगाव जिल्ह्यातलं यावल निघालं, मध्य प्रदेशातलं खंडवा-बुऱ्हाणपूरकडचं जंगल निघालं, गुजरातचं डांग निघालं, आणि 2014 मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो सापडला असं निघालं. पोरगं हिरमुसलं. पण त्याच कागदावर गटातल्या दुसऱ्या मुलीला दिसलं की हा पक्षी भारताबाहेर कुठेच नाही. मग 'फक्त' काढून न टाकता त्याची जागा बदलली: 'जगात फक्त भारत, मध्य भारतातली जंगलं, आपला सातपुडा'. अभिमान राहिला आणि वाक्य खरं झालं. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सगळ्यात मोलाचा भाग होता, कारण प्राण्यावरच्या लेखात पोरं (आणि मोठी माणसंसुद्धा) सगळ्यात जास्त घसरतात ती फक्त, सर्वात, कधीच, सगळे अशा शब्दांवर, आणि हे शब्द नेमके सुरुवातीच्या परिच्छेदातच गर्दी करतात.

एका जुन्या माहितीत 'धुळे जिल्हा' लिहिलेलं होतं ते पाहून त्यांना वाटलं छापणाऱ्याचं चुकलं. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला, पक्षी सापडला तो त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात, म्हणजे तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होता. हे त्यांना इतकं आवडलं की तेही सुरुवातीत घालायचं म्हणे. मी विचारलं, तिसरीच्या पोराला रानपिंगळा कोण हेच माहीत नसताना त्याला जिल्हा कधी झाला ते लगेच पाहिजे का? चिठ्ठी मुकाट्याने 'हरवला आणि सापडला' ढिगात गेली.

तिसऱ्या कप्प्यावर भांडण. एक गोष्ट ठेवायची आणि दावेदार तीन. कोरं डोकं, दिवसा शिकार, आणि 113 वर्षं गायब (1997 मधून 1884 वजा केले फळ्यावर, हाताने, मजा आली). त्यात चौथा दावेदार पण होता, तो म्हणजे चोरीचा किस्सा. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सांगितलं होतं की त्याने 1914 मध्ये तापीकाठी, सुरतेकडच्या मांडवीला, हा पक्षी मिळवला, आणि पुढे रासमुसेन बाईंनी तपासलं तर तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भुसा भरून नवीन लेबल लावलेला निघाला, मुळात तो 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातच मिळवलेला. खोटं लेबल बाजूला केलं, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोधलं, तेव्हा शहाद्याला पक्षी सापडला. आता इतकी भारी गोष्ट हातात असल्यावर कोणत्याही मुलाला ती पहिल्या ओळीत घालावीशी वाटेल, आणि मीही खरं सांगायचं तर दहा मिनिटं तिच्याच बाजूने होतो.

निवाडा करायला वाचकाला बोलावलं. तिसरीतल्या एका पोराला वर्गात आणलं आणि गटातल्या मुलांनीच त्याला विचारलं, घुबडाबद्दल तुला काय माहितीये. तो लगेच म्हणाला, "रातले फिरस, दिवसले त्याले दिखत नही." आणि मग हळूच, आजी म्हणते ते ओरडलं की कोणीतरी जातं. बस. उत्तर मिळालं. ज्या वाचकाच्या डोक्यात घुबड म्हणजे रात्र एवढंच आहे त्याला दिवसाउजेडी झाडावर बसून सरडा पकडणारं घुबड दाखवलं तर तो पुढे वाचणार. कोरं डोकं महत्त्वाचं आहे पण साधा पिंगळा नीट न पाहिलेल्याला त्यात नवल वाटणार नाही, ते 'कसा दिसतो' मध्ये जाईल. चोरीचा किस्सा कळायला संग्रहालय म्हणजे काय, नमुना म्हणजे काय हे आधी सांगावं लागेल, म्हणजे तो आतच शोभतो. आणि 113 वर्षं? ती मुलं सोडायला तयार नव्हती. मग असं ठरलं की ती सुरुवातीत येतील पण नुसती, कसा सापडला ते उत्तर तिथे द्यायचं नाही.

आजीचं वाक्य काय करायचं यावर मी थोडा जास्त वेळ दिला. एक जण म्हणे ते टाकू या सर, सगळे वाचतील. मी विचारलं, हे रानपिंगळ्याबद्दलचं आहे की माणसांबद्दलचं? मुलं विचार करून म्हणाली माणसांबद्दलचं. मग ते ओळखीच्या परिच्छेदात कसं बसेल. ते 'धोका काय' मध्ये गेलं, कारण दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपायी घुबडं पकडली जातात हे वनरक्षक दादांनी सांगितलंच होतं आणि तिथे लोक काय मानतात हे सांगणं माहितीचा भाग होतो. आजीला खोटं पाडायचं नाही आणि तिचं म्हणणं पक्ष्याचा गुण म्हणूनही लिहायचं नाही, एवढा फरक पाचवीच्या मुलांना कळतो, नीट विचारलं तर अगदी व्यवस्थित कळतो.

आणि मग ती मुलगी बोलली, जिचं पान कोरं होतं. कप्प्यात लिहिलं होतं '113 वर्षं कोणालाच नाही'. ती म्हणाली, "सर, डोंगरावरच्या पाड्यांतली माणसं तर रोज रानात जातात. त्यांना दिसला असेल ना? त्यांच्यासाठी तो हरवलाच नसेल."

वर्ग शांत. मी तिला म्हटलं तूच सांग मग काय लिहायचं. तिने 'कोणालाच' खोडलं आणि 'अभ्यासकांच्या नोंदीत' लिहिलं. पक्ष्यांवरच्या कितीतरी बातम्यांत हा फरक केलेला नसतो, आणि तो आमच्या शाळेत एका दहा वर्षांच्या मुलीने केला कारण तिची माणसं त्या रानात राहतात. कप्प्यात क्रियापद न लिहिण्याचा फायदा इथे परत दिसला, एक शब्द बदलला आणि सगळं बदललं, परिच्छेद पुन्हा लिहावा लागला नाही. आणि मराठी वाक्य जुळवायचं ओझं नव्हतं म्हणूनच ती बोलू शकली असं मला ठाम वाटतं.

यानंतर कप्प्यांवरून वाक्यं करणं हे एका तासिकेचंही काम नव्हतं. चौघांनी मिळून जे लिहिलं ते असं:

'रानपिंगळा हा छोटा घुबड पक्षी आहे. तो जगात फक्त भारतात आहे आणि मध्य भारतातल्या जंगलात राहतो. आपल्या सातपुड्यात पण आहे. घुबड रात्री फिरते असे आपण म्हणतो पण रानपिंगळा दिवसा शिकार करतो. 113 वर्षे तो अभ्यासकांच्या नोंदीत नव्हता. मग तो कसा सापडला? त्याला कसे ओळखायचे, तो काय खातो आणि आता त्याला कोणता धोका आहे?'

मी यात हात लावला नाही. 'घुबड पक्षी' थोडं अवघडलेलं आहे, राहू दे. 'मला आवडतो' कुठे नाही, पण आवडतो हे वाचताना कळतंय.

बाकीच्या गटांनी हेच कप्पे घेतले तेव्हा काय झालं तेही लिहायला पाहिजे. बिबट्यावाल्यांचा आणि मुंगूसवाल्यांचा चौथा कप्पा एकसारखाच उतरला, 'या लेखात आपण पुढील माहिती पाहणार आहोत'. कप्पे आयते मिळाले की मुलं भरून मोकळी होतात. रानपिंगळ्याच्या गटाला ते जमलं कारण त्यांचं तिसऱ्या कप्प्यावर भांडण झालं होतं, वाचक समोर उभा होता. म्हणून कुणी हे वापरणार असाल तर कप्पे छापून वाटू नका, आणि तिसऱ्या कप्प्यासाठी खालच्या वर्गातलं एक मूल बोलवाच, ते पाच मिनिटं वाचवायला गेलात तर बाकीचं फार काही हाती लागत नाही. बिबट्याच्या गटाला नंतर आम्ही हेच करायला लावलं, त्यांच्या वाचकाला वाटत होतं बिबट्या जंगल सोडून कुठे राहतच नाही, आणि मग केळीच्या-उसाच्या शेतात लपणारा बिबट्या त्यांच्या तिसऱ्या कप्प्यात आला.

वटवाघळाचा गट तर पहिल्याच कप्प्यात अडकला, उडतं म्हणजे पक्षी असा दोघांचा हट्ट. तिथे घाई केली नाही. पिल्लांना दूध पाजतं, अंगावर पिसं नाहीत केस आहेत, ही चिठ्ठी त्यांच्याच ढिगात होती, ती शोधून पुढे ठेवली आणि थांबलो, 'सस्तन प्राणी' हे त्यांनी स्वतः लिहिलं.

आणखी एक करायचं असतं ते बहुतेक वेळा राहून जातं. लेख पूर्ण झाला की सुरुवात परत वाचायची आणि शेवटच्या वाक्यात दिलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आत आहे का ते बोट ठेवून बघायचं. या गटाने आधी चौथ्या कप्प्यात घरट्याचंही लिहिलं होतं, पण प्रत्यक्षात त्यावर त्यांच्याकडे दोन ओळींपेक्षा जास्त माहिती नव्हती, म्हणून घरटं कप्प्यातून काढलं आणि त्या दोन ओळी 'कुठे राहतो' मध्ये टाकल्या.

तिसरीच्या वर्गाला चार कप्पे जड जातात. तिथे दोनच ठेवा, हा कोण आणि तुला माहीत नसलेली एक गोष्ट, तेही तोंडी, आणि लिहून घ्यायला पाचवीचं एक मूल शेजारी बसवा. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीनंतर हेच करणार आहोत, प्राणी त्यांचे त्यांनी निवडलेत, सरडा, बगळा आणि घरची शेळी.